बाळ बोट दाखवते, पण बोलत नाही

प्रश्न (लातूर): आमची मुलगी ११ महिन्यांची आहे, ती पंख्याकडे बोट दाखवून लगेच माझ्या तोंडाकडे पाहते, परंतु एकही शब्द उच्चारत नाही. तिला नेमके काय सांगायचे असावे?

उत्तर (परभणी): ती बहुधा पंखा मागत नसून, तो तुम्हीही पाहावा, एवढेच तिचे म्हणणे असावे. साधारणतः ९ ते १२ महिन्यांत येणारी ही खूण म्हणजे शब्दांआधीचा संवादच असल्याने, ‘होय, पंखा फिरतोय’ असे लगेच म्हणावे.

उत्तर (नांदेड): आमच्या सासूबाई नातवाच्या ‘बाबाबा’ला हुंकार देऊन थांबत, की तो पुन्हा सुरू होई. मात्र वर्षाचे बाळ हाकेला वळत नसेल, तर श्रवणचाचणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ती: हाकेला वळते. आज तिने भाकरीकडे बोट केले. ते मात्र मागणेच होते.