‘टॅग केलेलं जनुक’ला मराठीत काय म्हणाल?

तापीकाठ: जळगावात बीएस्सीच्या मुलांसाठी एक टिपण मराठीत करतोय. ‘टॅग केलेलं मानवी जनुक पेशीत व्यक्त करण्यासाठीचे लेंटिव्हायरल कण’ (म्हणजे पेशीने त्या जनुकापासून प्रथिन बनवावं म्हणून ते आत नेणारे, विषाणूपासून बनवलेले कण) इथवर आलो आणि अडलो. ‘खूणांकित जनुक’ लिहिलं, तर सहकारी म्हणे असा शब्दच नाही.

शेवभाजी: खूण नकोच, भाऊ. आमच्या अहिराणीत ‘ण’ नाही. धुळ्याचं पोरगं विचारील, “खून करी टाका का जनुकना?”

गोठेवाला: बिल्ला म्हणा. गुरांच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, तसंच ना?

पिपेट: बिल्ला चालेल, पण मिरवतं ते प्रथिन. जनुकाच्या शेवटचा थांब-संकेत काढून पुढे टॅगचा क्रम जोडतात, म्हणून पेशी प्रथिन बनवते ते टॅगसकट. फ्लॅग टॅग जेमतेम ८ अमिनो आम्लांचा, तो प्रतिपिंडाने शोधावा लागतो. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन, त्याचा टॅग २३८ चा, पण आपला आपण चमकतो.

शेवभाजी: मग ‘शेपूटवालं जनुक’!

पिपेट: टॅग पुढच्या टोकालाही लावतात. तेव्हा काय, शिंग म्हणणार?

शब्दशुद्धी: मुळात ‘लेंटिव्हायरल कण’ला ‘विषाणुकण’ म्हणतात, तेच चूक. अणू आला की कण कशाला? आणि लेंटि म्हणजे लॅटिनमध्ये मसूर. ‘मसुरी विषाणू’ म्हणा, आकारही कळतो.

पिपेट: मसूर ‘लेन्स’वाला. हा ‘लेंटस’, म्हणजे मंद. एचआयव्ही याच गटातला. लागण झाल्यावर आजार दिसायला वर्षं जातात, म्हणून ते नाव. आणि कण शब्द हवाच. विषाणूच्या बांधणीची जनुकं वेगळ्या प्लाझमिडांवर (डीएनएच्या छोट्या कड्यांवर) ठेवून हे कण तयार करतात, त्यामुळे तो पेशीत शिरतो, आपला माल तिच्या डीएनएत बसवतो आणि संपतो. त्याची पिल्लावळ होत नाही. त्याला अख्खा विषाणू कसं म्हणू?

शब्दशुद्धी: मग ‘मंदविषाणू’ लिहा. प्लाझमिड, टॅग, फ्लॅग… मराठी उरली कुठे?

पिपेट: मंद म्हटलं की मुलं वर्षभर वाट बघतील. इथे दोन-तीन दिवसांत पेशी चमकायला लागतात.

केळीबाग: आमच्याकडे वेगळीच भानगड. टिपणात ‘सीएमव्ही प्रवर्तक’ (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) असेल, तर रावेर-यावलची पोरं दचकतील. आमचा सीएमव्ही म्हणजे केळीवरचा कुकुंबर मोझॅक, पोंगा सडवणारा. तुमचा माणसाच्या सायटोमेगॅलोव्हायरसचा ना? आणि जनुक वाहून नेणाऱ्या कणाला ‘वाहक’ म्हटलं की आम्हाला मावाच आठवतो, तोच हा रोग पसरवतो.

तापीकाठ: ही तळटीप घालतोच. पण टॅगचं काय ठरलं?

शब्दशुद्धी: ‘अंकित’ घ्या. स्वच्छ शब्द आहे.

गोठेवाला: अंकित म्हणजे ताब्यातला. ‘त्याच्या अंकित आहे’ म्हणतो आपण. जनुक कोणाच्या ताब्यात?

शब्दशुद्धी: तो अर्थ नंतर चिकटला. मूळ ‘अंक’ म्हणजे खूण.

शेवभाजी: आला का परत खून!

केळीबाग: रोगट रोप दिसलं की उपटून गाडायचं, हे कुणी सांगितलं का त्या पोरांना? बांधावर काकडी-भोपळा तर लावूच नये.

गोठेवाला: आमच्या शेजाऱ्याने लावलाय ना भोपळा. ऐकतो कुठे.