मदत हवी आहे: कर्नाळ्यात नवरंग पक्ष्याचे फोटो हलतात, शटर किती ठेवू?

कर्नाळ्यात नवरंग पाचोळा उलटताना छान दिसतो, पण पावसाळी ढगांत झाडीखाली उजेड फारच कमी. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा छोटा सेन्सर), लेन्स 70-300 मिमी झूम. 300 ला अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) 5.6 च्या पुढे उघडत नाही. शटर 1/500 सेकंद केलं की आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) 6400 वर जातो, पोटाखालचा तो सुंदर लाल रंग दाणेदार होतो. 1/125 ला पानांची शीर न् शीर स्पष्ट, पक्षी मात्र पुसट. शेपटी सारखी खालीवर करतो ना! मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावून पाहिला, फोटो रॉमध्येच (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढते. विणीचा काळ आहे, त्यामुळे फ्लॅश आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवणं अजिबात नको. नवी लेन्सही सध्या शक्य नाही. मग दाणे पत्करून 1/500 च ठेवू, की 1/200 ला बर्स्ट (सलग भराभर फ्रेम) मारून एखादी स्थिर फ्रेम मिळेल?