३५ हजारांत पहिला डीएसएलआर: देवळे आणि बारवांसाठी काय घ्यावे?

अंबाजोगाईकर

गेली तीन वर्षे मी सुट्टी मिळाली की दुचाकी काढून मराठवाड्यातील जुनी देवळे आणि बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) पाहत फिरतो. चारठाणा, धारासूर, होट्टल, वालूर ही ठिकाणे एकाहून अधिक वेळा झाली. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे घरी संगणकावर उघडली की दर वेळी एकच निराशा पदरी पडते: बाहेरच्या भिंतीवरील सुरसुंदरी (कोरलेल्या अप्सरा) बऱ्या दिसतात, पण सभामंडपातील स्तंभांवरच्या बारीक कोरीवकामाचा अक्षरशः लगदा झालेला असतो.

आता डीएसएलआरसाठी, म्हणजे भिंग (लेन्स) बदलता येणाऱ्या, आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठी, ३५ हजार रुपये बाजूला पडले आहेत. कॅनन ३०००डी मी विचारातून काढून टाकला, कारण त्याचे भिंग बसवण्याचे कडे प्लॅस्टिकचे आहे आणि संवेदकही (सेन्सर) जुना, १८ मेगापिक्सेलचा आहे. उरले दोन: नवा कॅनन १५००डी, जो १८-५५ मिलिमीटरच्या भिंगासह (१८ वर रुंद दृश्य, ५५ वर जवळचे) माझ्या रकमेत ओढूनताणून बसतो, किंवा वापरलेला निकॉन डी३५००, कारण त्याचे उत्पादन आता बंद आहे. दोन्ही २०१८ चे, दोन्हींत २४ मेगापिक्सेल. मात्र निकॉन सेकंदाला ५ छायाचित्रे टिपतो आणि कॅनन ३. निकॉनचे फोकस बिंदू ११ तर कॅननचे ९. आणि कंपन्यांच्याच आकड्यांनुसार एका चार्जिंगमध्ये निकॉन १५५० छायाचित्रे देतो, कॅनन ५००. त्यामुळे माझा कल निकॉनकडे आहे. मेव्हण्यांचे म्हणणे असे की, पहिली वस्तू नवीच घ्यावी. अनुभवी मंडळींनी मत द्यावे.

परभणीकर

आपण ज्या आकड्यांची तुलना केली आहे त्यांपैकी बॅटरीचा सोडला तर एकही आपल्या कामाचा नाही. धारासूरची सुरसुंदरी सेकंदाला ५ छायाचित्रे टिपावीत इतक्या वेगाने कुठेही निघालेली नाही.

आपली खरी अडचण उजेडाची आहे. सोबत मिळणारे १८-५५ चे भिंग ५५ वर जास्तीत जास्त एफ ५.६ इतकेच उघडते (एफचा आकडा जितका लहान तितके भिंग जास्त उघडे), तर ५० मिलिमीटर एफ १.८ चे भिंग त्याच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. म्हणजे मंडपात जिथे सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ लागून हात हलल्याची खूण उमटते, तिथे हेच काम सेकंदाच्या शंभराव्या भागात होते. येथे कॅननची बाजू वरचढ ठरते: त्याचे ५० एफ १.८ एसटीएम स्वस्त आहे आणि कॅननच्या कोणत्याही डीएसएलआरवर स्वतः फोकस करते. डी३५०० च्या अंगात फोकसची मोटर नाही, त्यामुळे निकॉनचे जुने स्वस्त ५० एफ १.८डी त्यावर हातानेच फिरवावे लागते. माझे मत: वापरलेला १५००डी घ्यावा आणि वाचलेले पैसे या भिंगात घालावेत.

लातूरकर

परभणीकरांचा हिशेब बरोबर आहे, परंतु ते कधी अशा देवळाच्या अंतराळात, म्हणजे सभामंडप आणि गाभारा यांमधल्या चिंचोळ्या जागेत, पाठ खांबाला टेकवून उभे राहिले आहेत का, असा प्रश्न मला पडला. कॅननच्या लहान संवेदकावर ५० चे भिंग ८० सारखे वागते. दोन मीटरवरून त्यात जेमतेम ९० सेंटिमीटर रुंदी मावते, १८ वर मात्र सुमारे अडीच मीटर मावते. मागे सरकायला जागाच नसते, कारण मागे दुसरा खांब असतो. वालूरची चक्राकार बारव तर ५० मध्ये घेण्याचा विचारही करू नये. शिवाय एफ १.८ वर, त्याच दोन मीटर अंतरावर, सुमारे १० सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. सपाट शिल्पपट्टाला ती पुरते, पण भिंतीतून पुढे झुकलेल्या मूर्तीचे नाक स्पष्ट आणि कान पुसट, असा प्रकार होतो.

दगड हलत नाही, हाच आपला सर्वांत मोठा फायदा आहे आणि त्याचा उपयोग तिवईने (ट्रायपॉडने) होतो. एफ ८, आयएसओ (संवेदकाची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, दोन-तीन सेकंदांचे उद्भासन (एक्स्पोजर), बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी टिपणारा टायमर. एवढ्यावर सोबतचे साधे भिंगही स्तंभावरील कीर्तिमुखाचा (कोरलेल्या सिंहासारख्या उग्र मुखाचा) दात न् दात दाखवते. पडद्यावर तो भाग दहापट मोठा करून हाताने फोकस करावा. आणखी एक गोष्ट, जी शिकायला मला वर्ष लागले: कॅमेऱ्यातील उजेड मोजणारा मीटर आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टला करडा करून टाकतो, तेव्हा उद्भासन एक पायरी खाली, म्हणजे निम्म्यावर, आणावे आणि छायाचित्र रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात ठेवावे. आपल्या मोबाइलवर दगड धुतल्यासारखा दिसत असेल, तर त्याचे निम्मे कारण हेच असावे.

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील वास्तूंत तिवईसाठी आधी परवानगी काढावी लागते, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

नांदेडकर

मला ही सगळी चर्चाच मागच्या दशकातील वाटते. कॅननच्या प्रमुखांनी २०२१ मध्येच सांगितले की, १डीएक्स मार्क ३ हा त्यांचा शेवटचा अग्रणी डीएसएलआर असेल. निकॉनचा डी३५०० बंद झाल्याचे तर आपणच लिहिले आहे. ज्या गावाचा रस्ता बंद होत आला आहे तिथे प्लॉट कशाला घ्यायचा? आणखी काही महिने पैसे साठवावेत आणि २०२३ मध्ये आलेल्या कॅनन आर१०० सारखा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावा.

वापरलेला कॅमेरा तर नकोच. मी एकदा ओळखीतून असे एक भिंग घेतले. आठवडाभराने सहज आत टॉर्च मारली, तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. विकणाऱ्याने हात वर केले. वॉरंटीचा कागद हातात असणे किती मोलाचे असते, ते दुरुस्तीसाठी पार्सल पुण्याला पाठवून वाट पाहिलेल्यालाच कळते.

लातूरकर

रस्ता बंद होत असल्यामुळेच तर प्लॉट स्वस्त झाला आहे, नांदेडकर. आर१०० च्या रांगेतील आरएफ भिंगे अंबाजोगाईकरांच्या रकमेत बसणार नाहीत, आणि आज घेतलेले कॅनन डीएसएलआरचे ईएफ भिंग उद्या अडॅप्टर लावून त्याच मिररलेसवर चालते. बुरशीचा मुद्दा मान्य, पण टॉर्च पैसे देण्यापूर्वी मारायची असते. एफ २२ वर पांढऱ्या भिंतीचेही एक छायाचित्र काढून पाहावे, संवेदकावरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने लगेच दिसते. निकॉन असेल तर छायाचित्राच्या फाइलमध्ये शटर किती वेळा पडले तो आकडा मिळतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो तसा मिळत नाही. आणि स्वस्तात मिळतो म्हणून जुना निकॉन डी३२०० घेऊ नये. त्यावर निकॉनची नवी एएफ-पी भिंगे हातानेसुद्धा फोकस होत नाहीत.

परभणीकर

तिवई मान्य. तरीही जिथे ती लावू देत नाहीत आणि फ्लॅशलाही मनाई असते, उदाहरणार्थ अजिंठ्याच्या लेण्यांत, तिथे आपण काय करणार? तिथे माझे ५० चेच भिंग उपयोगी पडेल.

अंबाजोगाईकर

सर्वांचे आभार. फोकस बिंदू मोजत बसण्यात मी दोन महिने घालवले, हे आता लक्षात आले. शनिवारी लातूरला एक वापरलेला डी३५०० पाहायला जात आहे. खिशात टॉर्च असेल, आणि शटरचा आकडा २० हजारांच्या पुढे असेल तर परत फिरेन. उरलेल्या पैशांत आधी जड, मजबूत तिवई घेईन, कारण बारवेच्या उंचसखल पायऱ्यांवर हलकी तिवई माझ्या डोळ्यांदेखत एकाच्या कॅमेऱ्यासह कलंडली होती. परभणीकरांचे ५० चे भिंग तूर्त राहू द्यावे; अजिंठ्याला जायचे ठरले की त्यांच्याकडूनच दोन दिवस मागून नेले असते, पण ते कॅननचे निघाले, निकॉनवर बसायचे नाही.