तीन वर्षांचा एकच हंगाम: एशियन टूर २०२०-२१-२२

चौकस_वाचक
एशियन टूर या आशियातील व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेच्या ऑर्डर ऑफ मेरिटच्या, म्हणजे हंगामातील कमाईनुसार लागलेल्या क्रमवारीच्या, विजेत्यांची यादी पाहत होतो. २०१५ ला अनिर्बान लाहिरी, २०१८ ला शुभंकर शर्मा, २०१९ ला थायलंडचा जॅझ जानेवत्तनानंद, असे दर वर्षी एक नाव दिसते. परंतु त्यानंतर थेट '२०२०-२१-२२' असे लिहून त्यापुढे कोरियाच्या जू-ह्युंग किम याचे, म्हणजे टॉम किमचे, नाव आहे. करोनामुळे स्पर्धा थांबल्या होत्या हे ठाऊक आहे. तरीही तीन कॅलेंडर वर्षांचा एकच हंगाम धरण्याचे कारण काय, आणि इतक्या तुटपुंज्या स्पर्धांवर मिळालेल्या अव्वल क्रमांकाला इतर वर्षांच्या तोडीचे मानावे का, हे जाणकारांनी सांगावे.

फेअरवे_डावीकडे
आधी त्या हंगामात प्रत्यक्ष काय खेळले गेले ते पाहू. जानेवारी २०२० मध्ये फानलिंग येथे हाँगकाँग ओपन झाली. ही स्पर्धा खरे तर २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये व्हायची होती, परंतु शहरातील आंदोलनांमुळे पुढे गेली. तेथे ऑस्ट्रेलियाच्या वेड ऑर्म्सबीने, त्या वेळी ब्रिटिश ओपनचा विजेता असलेल्या शेन लॉरीला मागे टाकले. पुढच्याच आठवड्यात सेंटोसाच्या सेरापाँग मैदानावर सिंगापूर ओपन मॅट कुचरने जिंकली. मग न्यूझीलंड ओपन ब्रॅड केनेडीने आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मलेशियातील स्पर्धा ट्रेव्हर सिम्सबीने जिंकली, आणि त्यानंतर जवळजवळ वीस महिने एशियन टूरवर एकही स्पर्धा झाली नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला तो नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस थायलंडमधील फुकेतमध्ये. ब्लू कॅनियन मैदानावर तैवानचा चान शिह-चांग जिंकला, त्यापाठोपाठ लगुना फुकेतमध्ये थायलंडचा फचारा खोंगवत्माई. जानेवारी २०२२ मध्ये सिंगापुरात आणखी दोन स्पर्धा झाल्या आणि हंगाम संपला. म्हणजे दोन वर्षांत उण्यापुऱ्या आठ स्पर्धा.

हे सारे एकाच हंगामात बांधण्यामागे कार्डाचा प्रश्न होता. टूरवरचा खेळाडू म्हणजे ज्याच्याकडे त्या हंगामाचे कार्ड, म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क, आहे तो. त्या काळी वर्षअखेरीस कमाईच्या यादीत ठरावीक क्रमांकाच्या आत राहिले तर कार्ड टिकत असे, अन्यथा पुन्हा पात्रता स्पर्धेत उतरावे लागे. २०२० च्या फेब्रुवारीत हुआ हिनला अनेक फेऱ्या खेळून ज्यांनी कार्ड मिळवले, त्यांच्या हाती ते पडते न पडते तोच कुलूप लागले. डिसेंबर २०२० ला हंगाम संपल्याचे जाहीर करून चार स्पर्धांच्या आधारे कोणाला घरी बसवणे हा उघड अन्याय ठरला असता. आपल्याकडे पीजीटीआय या भारतातील व्यावसायिक टूरनेही २०२०-२१ असा जोडहंगामच केला होता.

पाणवठा_१८
कार्डाचा मुद्दा मान्य आहे. परंतु त्यावरून अव्वल क्रमांकाचे मोल ठरत नाही. नेहमीच्या हंगामात वीस-पंचवीस स्पर्धा असतात, त्यात उष्मा, पाऊस, सततचा विमानप्रवास, आज बर्म्युडा गवताचे ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) तर पुढच्या आठवड्यात निराळेच, या सगळ्यांतून जो वर्षभर वर राहतो त्याला मेरिट म्हणावे. आठ स्पर्धांत दोन चांगले आठवडे लागोपाठ साधले की काम झाले, आणि येथे नेमके तेच घडले. ताना मेराह येथील सिंगापूर इंटरनॅशनल किमने रत्तानोन वन्नश्रीचानला प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा खेळात) हरवून जिंकली आणि पुढच्याच आठवड्यात सिंगापूर ओपनमध्ये तो संयुक्त दुसरा आला. त्या स्पर्धेचा विजेता सदोम केवकांजना होता, हेही कोणाला आठवत नाही.

फेअरवे_डावीकडे
दोन आठवड्यांचा हिशेब पुरा नाही. जानेवारी २०२० च्या सिंगापूर ओपनमध्ये सतरा वर्षांचा किम संयुक्त चौथा होता आणि ती कमाईही याच यादीत धरली गेली. त्याची एकूण रक्कम पाच लाख डॉलरहून थोडी अधिक झाली, तर फुकेतसारख्या एकूण दहा लाख डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत विजेत्याला १ लाख ८० हजार डॉलर मिळत होते. वीस महिन्यांच्या खंडाच्या दोन्ही टोकांना वर राहणे हा योगायोग मला तरी वाटत नाही.

धुके_आणि_ध्वज
भारतातील वाचकांनी हा मुलगा त्याआधीच पाहिला होता. २०१९ मध्ये दुय्यम दर्जाच्या डेव्हलपमेंट टूरवर तीन विजय मिळवून त्याने थेट बढती घेतली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गुरुग्रामच्या क्लासिक मैदानावर पॅनासॉनिक ओपन इंडिया जिंकली. त्या आठवड्यात दिल्लीच्या परिसरातील हवा इतकी वाईट होती की स्पर्धा ७२ ऐवजी ५४ होलचीच झाली. होलवरचा ध्वज कोठे आहे हे धुरक्यातून शोधत बर्डी (होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) करणे ही आमच्याकडची वेगळीच परीक्षा.

आणखी एक नोंद. टूर बंद असताना इतर खेळाडूंचे काय झाले, हेही विचारले पाहिजे. पुण्याचा उदयन माने देशांतर्गत स्पर्धांच्या गुणांवर टोकियो ऑलिम्पिकच्या राखीव यादीत टिकून राहिला, आणि अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोने माघार घेतल्यावर त्याला ऐनवेळी संधी मिळाली.

चौकस_वाचक
सर्वांचे आभार. मग त्यापुढचा हंगाम तरी सरळ झाला का?

फेअरवे_डावीकडे
सरळ नव्हे, श्रीमंत झाला. सिंगापूर ओपन संपल्यावर दोनच आठवड्यांत, फेब्रुवारी २०२२ मध्ये, सौदी इंटरनॅशनल या ५० लाख डॉलरच्या स्पर्धेने नवा हंगाम सुरू झाला. शेवटच्या होलवर सुमारे ९२ फुटांवरून चेंडू होलमध्ये घालून ईगल (ठरलेल्यापेक्षा दोन फटके कमी) करत हॅरल्ड वार्नरने ती जिंकली. त्या एका आठवड्यातील तिसऱ्या क्रमांकाची रक्कमदेखील फुकेतच्या विजेत्याच्या रकमेहून मोठी होती. पाणवठा यांना आठ स्पर्धांचा हंगाम हलका वाटतो. मला विचाराल तर एकाच आठवड्याच्या पैशाने वर्षाची यादी उलटीपालटी होऊ शकते, ही अडचण त्याहून मोठी आहे.

पाणवठा_१८
या मुद्द्यावर आपले जमले. किमबाबत मात्र एक कबूल करतो: ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रीन्सबरोला विंडहॅम चॅम्पियनशिपच्या पहिल्याच होलवर त्याने पार चारला, म्हणजे जेथे चार फटके अपेक्षित असतात तेथे, आठ फटके घेतले आणि तरीही अमेरिकेतील पीजीए टूरची ती स्पर्धा जिंकली. ऑर्डर ऑफ मेरिटमधील पहिला क्रमांक त्याला नशिबाने मिळाला, असे मी यापुढे म्हणणार नाही. आठ स्पर्धांचा हंगाम अपुरा होता, एवढेच म्हणेन.