प्राणवायू कमी असलेली गाठ अधिक घातक का

कर्करोगाच्या गाठीला प्राणवायू कमी मिळाला तर ती आपोआप गुदमरून मरेल, हा तर्क सरळ वाटला तरी प्रत्यक्षात बहुधा उलटेच घडते. रक्तवाहिनीपासून साधारण १५० मायक्रॉनपलीकडे प्राणवायू जेमतेमच पोहोचतो. तिथल्या बऱ्याच पेशी मरतात खऱ्या, पण ज्या तग धरतात त्यांच्यात एचआयएफ हे प्राणवायूच्या टंचाईत पेशीला जुळवून घ्यायला लावणारे प्रथिन साठून नव्या रक्तवाहिन्यांना चालना मिळते आणि पेशींची पसरण्याची वृत्ती बळावते. शिवाय अशा पेशी किरणोपचाराने मारायला किरणांची मात्रा अडीच ते तीन पट लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात केवळ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतही अशा गाठींचा परिणाम वाईटच दिसला, हे मला अधिक बोलके वाटते; म्हणजे प्रश्न केवळ किरणांना दाद न देण्याचा नाही. इथे बडोद्यात माझ्या मावशीच्या किरणोपचारांच्या काळात दर आठवड्याला हिमोग्लोबिन (रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा घटक) तपासत, त्यामागे गाठीला प्राणवायू कमी पडू नये हेही एक कारण होते. रक्त चढवल्याने निकाल सुधारतोच, असे मात्र सिद्ध झालेले नाही.