बायकोला झालेली मारहाण हा 'गावातला तंटा' आहे का?

नदीकाठची

माझं म्हणणं आधीच सांगते. नवऱ्याने बायकोला मारलं तर ते प्रकरण तंटामुक्ती समितीने, भावकीने किंवा पारावरच्या बैठकीने 'मिटवायला' घेऊ नये. गावाने तिच्या मागे उभं राहावं, निवाडा करू नये.

विषय काढायचं कारण आमच्या भागात नुकतीच झालेली एक बैठक. गावाचं नाव देत नाही, बाईची ओळख पटेल. सगळे पुरुष सतरंजीवर बसलेले आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी, हनुवटीवरचे टाके अजून काढलेले नव्हते. नवऱ्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की 'यापुढे दारू पिऊन त्रास देणार नाही'. इथवर ठीक म्हणू. पण त्याच कागदावर तिच्याकडूनही लिहून घेतलं: 'सासू-सासऱ्यांना उलट बोलणार नाही, न विचारता माहेरी जाणार नाही.' खाली दोघांच्या सह्या आणि साक्षीदार म्हणून गावातली चार प्रतिष्ठित माणसं. मारणारा आणि मार खाणारी, दोघं सारखेच चुकले असं त्या कागदाने ठरवून टाकलं.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, पाणंद रस्त्याचे कितीतरी वाद तिने गावातच संपवले आणि लोकांचा वकिलांवरचा खर्च वाचवला, हे मी नाकारत नाही. पण बांधाच्या भांडणात दोन शेतकरी समोरासमोर बसतात, दोघांच्या हातात सातबारा असतो आणि बैठक संपली की दोघं आपापल्या घरी जातात. इथे बैठक संपल्यावर तिला त्याच्याच घरी जायचं असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि देशभरात कुणाकडूनही शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या होत्या फक्त १४ टक्के. म्हणजे जी बैठकीपर्यंत पोचते तीसुद्धा पुष्कळ सोसून, फार धाडस करून आलेली असते. तिला आपण काय देतो? उलट न बोलण्याची अट.

---

पाराखालचा

ताई, तुम्ही सांगितलेला कागद चुकीचा आहे. तिच्याकडून तसं लिहून घ्यायला नको होतं. पण एका वाईट बैठकीवरून सगळ्या गावांना झोडू नका.

मी काही वर्षं आमच्या समितीचा अध्यक्ष होतो. रात्री अकरा वाजता वस्तीवर आरडाओरडा झाला तर ठाण्यातून गाडी यायला तास लागतो. मी आणि पोलीस पाटील पाच मिनिटांत पोचतो. आम्ही नवऱ्याला बाहेर काढून दुसरीकडे झोपायला नेलंय, बाईला शेजारच्या म्हातारीकडे ठेवलंय. हे कुठल्या कायद्यात बसतं मला ठाऊक नाही, पण त्या रात्री तिचा जीव वाचला.

आणि ती काय मागते ते कधी ऐकलंय का? दहापैकी नऊ जणी म्हणतात, "त्याला आत टाकू नका, फक्त मारायचं थांबवा." तो आत गेला तर दूध कोण घालणार, सोसायटीचा हप्ता कोण भरणार? कोर्ट तालुक्याला. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. एका तारखेला एक मजुरी बुडते, कडेवर पोर, वर वकिलाची फी. आणि तारीख मिळते पुढचीच. कागदावर चांगला असलेला कायदा तिच्या दारापर्यंत येत नाही. भावकी येते. नवरासुद्धा साहेबाला घाबरत नाही तेवढा चुलत्याला घाबरतो.

---

काळाकोट

तालुका कोर्टात वकिली करतो म्हणून एक गोंधळ दूर करतो. पाराखालचा यांच्या बोलण्यात कायदा म्हणजे तुरुंग असं गृहीत धरलंय. तसं नाही.

सासरच्या छळाचं कलम, आपण ४९८ अ म्हणत होतो, ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. ती फौजदारी, तिथे तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू, तो मुळात नवऱ्याला आत टाकण्यासाठी केलेलाच नाही. 'फक्त मारायचं थांबवा' हीच मागणी त्यात लिहून मागता येते. त्याला संरक्षण आदेश म्हणतात. त्याच अर्जात घरात राहण्याचा आदेश, खर्चाला पैसे आणि मुलांचा ताबा मागता येतो. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेला राहण्याचा हक्क मागता येतो, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

आता स्टॅम्पपेपरची गोष्ट. तो नवऱ्याने मोडला तर काय होतं? पुन्हा बैठक. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र. वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाच्या फीचं म्हणाल तर स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. हे सांगणारं गावात कुणी नसतं, हीच खरी अडचण.

तारखांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. पहिली सुनावणी तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते मी रोज बघतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश मागतो. समोरचा हजर नसला तरी न्यायाधीश तो देऊ शकतात.

---

स्पष्टवक्ता

सगळे एकाच बाजूने बोलताय. माझ्या चुलत भावावर केस झाली तेव्हा सत्तरीतल्या आईवडिलांची नावं घातली, पुण्यात राहणाऱ्या बहिणीचंही घातलं. ती वर्षातून दोनदा गावी यायची. खोट्या केसेसबद्दल कुणी बोलणार आहे का? गावाची बैठक असती तर दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या असत्या, गाव दोघांनाही ओळखतं.

---

काळाकोट

@स्पष्टवक्ता, संबंध नसलेल्या नातेवाइकांची नावं घालतात हे खरं आहे आणि त्यात बऱ्याचदा सल्ला देणाऱ्या आमच्याच व्यवसायातल्या लोकांचा हात असतो. पण सरसकट अटक होते हे आता खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्णेश कुमार निकालापासून पोलिसांना अटकेची गरज लेखी दाखवावी लागते, नाहीतर नोटीस देऊन चौकशीला बोलवावं लागतं. तुमच्या चुलत भावावरचा अन्याय दूर व्हायलाच हवा. त्यासाठी दुसऱ्या गावातल्या मार खाणाऱ्या बाईची वाट बंद करून उपयोग नाही.

---

उपकेंद्रातली सिस्टर

मी आरोग्यसेविका आहे. बैठक आणि कोर्ट या दोन्हींच्या आधी ती आमच्याकडे येते, म्हणून लिहिते.

मनगट मोडलेली एक बाई ग्रामीण रुग्णालयात आली. केसपेपरवर लिहिलं होतं 'जिन्यावरून पडली'. मी तिच्या वस्तीवर लसीकरणाला जाते. घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं, जिना कुठून आला? सोबत सासू होती, तिनेच कारण सांगितलं आणि पेपर करणाऱ्याने लिहून घेतलं. बाईला एकटीला आत घेऊन कुणी विचारलंच नाही.

पुढे तिने तक्रार करायची ठरवली तर तोच केसपेपर तिच्या विरोधात वापरला जाणार. साध्या मारहाणीची ठाण्यात बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते आणि हातात कागद देऊन परत पाठवतात. हाड मोडलं तर मात्र ती कायद्याने गंभीर दुखापत होते. म्हणजे त्या एका ओळीवर सगळं अवलंबून असतं.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं, ते याच कारणासाठी. जखम घेऊन आलेल्या बाईशी नर्स वेगळ्या खोलीत बोलते आणि समुपदेशक तिथेच असते. आमच्या रुग्णालयात वेगळी खोली नाही. पण इंजेक्शन द्यायचंय म्हणून सासूला बाहेर बसवता येतं, एवढं आम्ही करतो. पाराखालचा दादा, तुमच्या बैठकीत कुणी केसपेपर मागतं का?

---

बालाघाटाकडचा

तुम्ही सगळे गावात राहणाऱ्या बाईबद्दल बोलताय. आमच्याकडची बाई सहा महिने गावात नसतीच.

ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीच्या नावावर घेतलेली असती. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिनं मार खाल्ला आन् निघून गेली तर अर्धा कोयता राहतो, मग उचल फेडायची कुणी? मुकादम तिच्या बापाच्या दारात येतो. म्हणून बाप पोरीला परत कोपीवर, फडावरच्या झोपडीत, आणून सोडतो. आता मला सांगा, तिथं कोणती समिती? फडावर ना पोलीस पाटील, ना आशाताई, ना भावकी. असला तर मुकादम, आन् त्याला फक्त गाडी भरलेली पाहिजे. समेटाची भाषा तिथं कुणाशी बोलायची?

---

काळाकोट

याचं उत्तर कायद्यात अर्धंच आहे. ती तात्पुरती जिथे राहते किंवा काम करते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. म्हणजे बीडची बाई कोल्हापूर, सांगलीकडच्या तालुक्यात अर्ज करू शकते. राहिलेलं अर्धं म्हणजे उचल. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

चौकटीबाहेर

मी आदेश मिळवलेली बाई आहे. वकीलसाहेबांचं सगळं खरं आहे आणि तरी अपुरं आहे.

कोर्टाने मला सासरच्या घरात राहायचा आदेश दिला. हवालदार सोबत येऊन कुलूप उघडून गेले. त्यानंतर त्या घरात मी एकटी आणि ते सगळे. नळाला पाणी आलं की माझी घागर बाजूला सारायचे. दळण दुसऱ्या गावाला न्यायची वेळ आली, कारण गिरणी चुलत दिराची. बचत गटातल्या बायका माझ्या दारात यायच्या बंद झाल्या, त्यांच्या नवऱ्यांनी सांगितलं होतं म्हणून. माहेरचे म्हणाले, "आता कोर्टात गेलीस ना, मग तूच बघ." मला कुणी मारलं नाही, आदेशाची भीती होतीच. पण एवढ्या माणसांत कुणी बोलत नसलं की काय होतं, ते कुठल्या अर्जात लिहायचं?

म्हणून पाराखालचा यांना मी शत्रू मानत नाही. गाव सोबत नसेल तर आदेश घेऊनही बाई एकटीच पडते. पण त्यांच्या बैठकीतही मी जाणार नाही. मला त्या सतरंजीसमोर उभं राहून माझ्या अंगावरचे वळ सांगायचे नाहीत.

---

पाराखालचा

@चौकटीबाहेर, तुमचं वाचून दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. तुमच्या गावाने जे केलं ते पाप आहे.

@सिस्टर, नाही, केसपेपर आम्ही कधी मागितला नाही.

पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. गावाला बाजूला ठेवून हे सुटणार नाही, वरच्या अनुभवातूनही तेच दिसतं. तुम्ही म्हणता निवाडा करू नका. मग करायचं काय ते नेमकं सांगा. नुसतं 'पाठीशी उभे राहा' ऐकून माणसं घरी जातात.

---

नदीकाठची

रास्त प्रश्न आहे. जमेल तसं सांगते.

रात्री पाच मिनिटांत पोचता ते चालूच ठेवा. त्याला माझा विरोध कधीच नव्हता. त्याच वेळी पोलिसांच्या ११२ ला फोन लावा, गाडी तासाने आली तरी फोनची नोंद राहते. बाईसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. सकाळी तिला रुग्णालयात न्यायला आशाताई किंवा बचत गटातली कुणीतरी सोबत पाठवा आणि केसपेपरवर खरं कारण लिहिलं गेलंय ना ते तिथेच वाचून घ्या.

मग संरक्षण अधिकारी, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाईला मदत करायला शासनाने नेमलेला अधिकारी. आमच्याकडे एका अधिकाऱ्याकडे दोन-दोन तालुके आहेत, जागेवर सापडत नाहीत. पण त्यांचा घटना अहवाल नसला तरी कोर्ट आदेश देऊ शकतं, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलंय, म्हणून त्या कारणाने अडून राहू नका. आणि गावातल्या फार थोड्यांना माहीत असलेली एक गोष्ट: या कायद्यात हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला शेजारीही देऊ शकतो, कुणीही देऊ शकतं. प्रामाणिकपणे दिली तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तुमच्या समितीला एवढं जरी करता आलं तरी ते दहा स्टॅम्पपेपरांपेक्षा मोठं काम होईल.

तारखेच्या दिवशी एसटीत तिच्या शेजारी बसायला एक बाई आणि पोर सांभाळायला दुसरी, एवढं गाव देऊ शकतं. आदेश मिळाल्यावर नळावर तिची घागर कुणी बाजूला सारली तर सरपंचाने तिथे जाऊन उभं राहणं, हे तर गावच करू शकतं, कोर्ट नाही. ग्रामसभेत अजून एक विषय घ्या. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचं शासनाने २००३ मध्येच सांगितलंय. आपल्या ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरांची नोंदवही, उघडून बघा, किती घरांपुढे दोन नावं आहेत. नाव असलेल्या बाईला 'निघ माझ्या घरातून' म्हणताना नवऱ्याची जीभ जरा अडखळते.

@बालाघाटाकडचा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. कारखान्याच्या गेटवर १८१ चा फलक लावायला कुणाला उचलीची अडचण येऊ नये, तेवढं तरी मागू. पण उचलीवर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

---

पाराखालचा

सोबत जायचं, फोनची नोंद, केसपेपर, नमुना आठ, हे पुढच्या बैठकीत मांडतो. घागरीचंही. समेट करायचाच नाही हे मात्र मला पटत नाही. उद्या बाईच म्हणाली की मला नांदायचंय, चार माणसं बोलवा आणि त्याला समज द्या, तर आम्ही नाही म्हणायचं का?

---

काळाकोट

समुपदेशनाची सोय कायद्यातही आहे. न्यायाधीश स्वतः दोघांना समुपदेशकाकडे पाठवू शकतात. फरक एवढाच की तेव्हा तिचा अर्ज कोर्टात दाखल असतो.

---

नदीकाठची

तिने म्हटलं तर बोलवा. पण ते तिला एकटीला विचारा, सासू, नवरा आणि तुम्ही कुणीही समोर नसताना, एखाद्या बाईने विचारावं. अर्ज आधी दाखल होऊ द्या. आणि बैठकीत तिच्याकडून काहीही लिहून घेऊ नका.