फर्नेसच्या गॅसचा दाब : स्क्रूला हात लावण्यापूर्वी

(बॉस्टन परिसरातील एका टाउनहाउस वसाहतीचा मराठी ग्रुप)

युनिट ७ : नमस्कार मंडळी. थंडी वाढल्यापासून आमच्या वरच्या मजल्यावर फर्नेसची (गॅसवर हवा तापवून घर गरम करणाऱ्या यंत्राची) हवा मधूनमधून कोमट येते आणि थर्मोस्टॅट ६८ अंश फॅरनहाइटवर ठेवूनही खोल्या ६४ च्या वर जात नाहीत. गॅस व्हॉल्व्हवरील छोट्या झाकणाखाली दाबाचा स्क्रू असतो आणि तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की दाब वाढतो, असे एका व्हिडिओत पाहिले. मी डिजिटल मॅनोमीटर (गॅसचा दाब मोजण्याचे उपकरण) मागवला असून शनिवारी हे काम घरीच करण्याचा विचार आहे. यापूर्वी कोणी केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

युनिट ९ : पुण्याच्या घरी सिलिंडरचा रेग्युलेटर फक्त चालू किंवा बंद करता येतो, आतला दाब कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. इथे तो स्क्रू घरमालकाच्या हाती कसा काय ठेवला आहे, याचे नवल वाटते.

युनिट १२ : तो घरमालकासाठी ठेवलेला नाहीच. मी बरीच वर्षे हीटिंगच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मॅसॅच्युसेट्समध्ये गॅसचे काम परवानाधारक प्लंबर किंवा गॅसफिटरनेच, परमिट काढून करावे लागते, आणि स्वतःच्या मालकीच्या घरालाही यात सूट नाही. त्यामुळे शनिवारचा बेत कृपया रद्द करावा.

कायदा बाजूला ठेवला तरी त्या स्क्रूने तुमचे काम होणार नाही. नैसर्गिक वायूवरील बहुतेक फर्नेसमध्ये बर्नरकडे जाणारा, म्हणजे मॅनिफोल्डमधला, दाब साधारण ३.५ इंच उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो (हा दाब इंचांतच सांगतात). प्रोपेनवर तो १० ते ११ इंच असतो, आणि दोन टप्प्यांच्या (कमी आणि पूर्ण आचेवर चालणाऱ्या) फर्नेसमध्ये खालच्या टप्प्याला नैसर्गिक वायूचा दाब दोन इंचांच्याही खाली असतो. तुमच्या यंत्राचा खरा आकडा आतल्या पाटीवर छापलेला आहे आणि तोच प्रमाण मानावा. बर्नरच्या बारीक छिद्रातून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३.५ चा दाब ४.२ केला, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढवला, तरी उष्णता जेमतेम साडेनऊ टक्के वाढते. तेवढ्यासाठी हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) प्रमाणाबाहेर तापतो, कालांतराने त्याला तडा जाऊ शकतो, आणि ज्वलन अपुरे राहिले तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. दाब फार कमी ठेवला तरी त्रास आहेच, कारण मग एक्स्चेंजरमध्ये नको तिथे पाणी साचून गंज चढतो आणि बर्नर उशिरा पेट घेतो.

युनिट ३ : काका, आमची फर्नेस सुरू होताना गेल्या आठवड्यापासून धप्प असा आवाज येतो. हे त्यातलेच आहे का?

युनिट १२ : वहिनी, बहुधा तेच. पेट घेण्याआधी गॅस साचतो आणि मग एकदम भडकतो. बर्नरवर कचरा असेल किंवा दाब कमी असेल, पण कारण शोधण्याचे काम टेक्निशियनचे. फर्नेस आजच बंद करून त्याला बोलवा. गॅसचा वास आला तर मात्र दिव्याचे बटणसुद्धा न दाबता सगळ्यांनी घराबाहेर पडावे आणि बाहेर दूर गेल्यावरच फोन करावा.

युनिट ५ : २०१८ मध्ये लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हरमध्ये घरांना आगी लागल्या, त्या गॅसच्या दाबामुळेच ना?

युनिट १२ : हो, १३ सप्टेंबर २०१८. रस्त्याखालची बिडाची जुनी वाहिनी बदलताना दाब मोजणाऱ्या नळ्या त्या बंद केलेल्या जुन्या वाहिनीवरच राहिल्या. तिथला दाब उतरत गेला तसतसे रेग्युलेटर आणखी गॅस सोडत राहिले, आणि जेमतेम अर्धा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबावर चालणाऱ्या वाहिन्यांच्या जाळ्यात कितीतरी जास्त दाबाचा गॅस घुसला. एक तरुण दगावला आणि १३१ इमारतींचे नुकसान झाले. तिथल्या घरांच्या मीटरपाशी स्वतंत्र रेग्युलेटर नव्हते. म्हणूनच चांगला टेक्निशियन आधी व्हॉल्व्हच्या आत येणारा दाब मोजतो आणि मग बर्नरकडे जाणारा. येणारा दाब नैसर्गिक वायूसाठी साधारण ५ ते ७ इंच असतो. वॉटर हीटर, शेगडी, ड्रायर असे सगळे एकदम चालू असताना तो मोजावा, कारण सगळे बंद असताना दाब नेहमीच चांगला दिसतो. सगळे चालू केल्यावर तो पाटीवरच्या किमान आकड्याखाली घसरला, तर दोष पाइपच्या जाडीत किंवा बाहेरच्या रेग्युलेटरमध्ये असतो, आणि फर्नेसचा स्क्रू पिळून तो सुटत नाही.

युनिट ७ : पटले, काका. स्क्रूला हात लावत नाही. पण काहीही न उघडता गॅस नीट मिळतो आहे की नाही हे घरच्या घरी कळण्याचा काही मार्ग आहे का?

युनिट १२ : आहे, आणि कोणत्याही युनिटला तो करता येईल. शेगडी, ड्रायर आणि वॉटर हीटर चालू नसताना फर्नेस दहा मिनिटे सलग चालू द्या आणि गॅस मीटरवरच्या छोट्या चाचणी-तबकडीवर एका घनफुटाला किती सेकंद लागतात ते मोजा. तबकडी दोन घनफुटांची असेल तर आलेली वेळ निम्मी करा. एका घनफुटात सुमारे १०३० बीटीयू (उष्णतेचे एकक) उष्णता धरली, तर तासाला ८०,००० बीटीयूच्या फर्नेसला साधारण ४६ सेकंद लागायला हवेत. वेळ याहून बरीच जास्त आली तर गॅस कमी पडतो आहे, बरीच कमी आली तर जास्त जातो आहे. दोन टप्प्यांच्या यंत्रावर ही मोजणी वरच्या टप्प्यात करावी, नाहीतर उगाच घाबरायला होते.

त्याच वेळी परतीच्या (खोल्यांतली हवा फर्नेसकडे आणणाऱ्या) डक्टमधले आणि गरम हवेच्या डक्टमधले तापमान मोजून त्यातला फरक काढा. गरम हवेचे तापमान फर्नेसला लागून न घेता दोनेक फूट पुढे घ्यावे, नाहीतर तापलेल्या धातूची आच थर्मामीटरवर येते. किती फरक चालतो ते पाटीवर लिहिलेले असते, उदाहरणार्थ ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट.

युनिट ७ : आत्ताच मोजले. फर्नेस ८०,००० ची, एका घनफुटाला ४७ सेकंद. परतीची हवा ६४, गरम हवा १३६, म्हणजे फरक ७२, आणि पाटीवर कमाल ६५ आहे. थोड्या वेळाने बर्नर आपोआप विझला, पंखा मात्र चालूच राहिला.

युनिट १२ : कोमट हवेचे कारण हेच. गॅस बरोबर आहे, हवा कमी पडते आहे. एक्स्चेंजर फार तापला की लिमिट स्विच बर्नर बंद करतो आणि पंखा नुसती हवा ढकलत राहतो. अशा वेळी दाब वाढवला असता तर बर्नर आणखी लवकर विझला असता. फिल्टर पाहा, आणि तळघरातल्या गरम हवेच्या जाळ्या बंद केल्या असतील तर त्या उघडा.

युनिट ७ : फिल्टर काढला तर त्यावर लोकरीसारखा राखाडी धुळीचा थर बसला होता, आणि तळघरातल्या तीन जाळ्या बंद होत्या. नवा फिल्टर घालून जाळ्या उघडल्यावर फरक ५८ आला. बर्नर आता मध्येच विझत नाही.

युनिट ३ : आमच्याकडे उद्या सकाळी टेक्निशियन येतो आहे. त्याच्याकडून काय लिहून घ्यावे?

युनिट १२ : आत येणारा दाब, मॅनिफोल्डचा दाब, तापमानातला फरक आणि धुरातले कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण, असे चारही आकडे पावतीवर मागा. दाब बदललाच तर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही लिहून घ्या. मॅनोमीटर न लावता, नुसती ज्योत बघून स्क्रू फिरवणाऱ्याला तिथेच थांबवा. मोजणी झाल्यावर मॅनोमीटर जोडण्याच्या छिद्रावरचे बूच परत बसवून त्याने साबणाच्या पाण्याने गळती तपासली आहे ना, हे शेजारी उभे राहून पाहा.

युनिट ४ (अ‍ॅडमिन) : ज्यांच्या फर्नेसच्या धुराचे प्लास्टिकचे पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर आले आहेत, त्यांनी या आठवड्यातल्या बर्फानंतर पाइपांपुढची जागा लगेच मोकळी करावी. राज्याचा निकोल्स लॉ (घरात कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म सक्तीचे करणारा कायदा) अशाच एका घटनेनंतर आला. २००५ मध्ये बर्फाने धुराचा मार्ग बुजला आणि घरातल्या सात वर्षांच्या मुलीचा कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू झाला. प्रत्येक मजल्यावरचा हा अलार्म बटण दाबून तपासावा. सामायिक तपासणीसाठी परवानाधारक टेक्निशियन बोलवत आहोत, ज्यांना हवा असेल त्यांनी फर्नेसच्या पाटीचा फोटो गुरुवारपर्यंत मला पाठवावा.